एका सहीसाठी

नमस्कार मंडळी.

तुम्ही मला विषय फार मोठा दिलाय, जगभरातल्या अपंग हक्कांचा इतिहास. एका तासात तो पुरा होणं शक्य नाही. म्हणून आज मी मुख्यतः एका इमारतीबद्दल बोलणार आहे, आणि त्या इमारतीत जवळजवळ महिनाभर ठाण मांडून बसलेल्या माणसांबद्दल. पण आधी आमच्या शाळेचा जिना सांगते, कारण त्या जिन्याशिवाय मला ती माणसं कळली नसती.

मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. पायात कॅलिपर, काखेत कुबडी. सातवीपर्यंत वर्ग खालीच होते. आठवीचा वर्ग माडीवर, सतरा पायऱ्या चढून. आमचे हेडसर देवमाणूस. त्यांनी आठवीचा वर्ग माझ्यासाठी खाली चित्रकलेच्या खोलीत आणला. गावात त्यांचं नाव झालं, आईनं दिवाळीला त्यांच्याकडे डबाभर लाडू पाठवले. पुढच्या जूनमध्ये सरांची बदली झाली. नवे हेडसर वाईट नव्हते, पण त्यांच्या वेळापत्रकात नववी माडीवर होती आणि ती माडीवरच बसली. मी काही बोलले नाही. काय बोलणार? सरांनी दिलं होतं आणि सर गेले होते.

मग मी चढायला शिकले. कुबडी खाली ठेवायची, दप्तर मैत्रिणीकडे द्यायचं, जिन्याकडे पाठ करून बसायचं, दोन्ही तळवे मागच्या पायरीवर टेकायचे आणि अंग उचलून वर घ्यायचं. असं सतरा वेळा. वर पोचेपर्यंत स्कर्टचा मागचा भाग धुळीनं पांढरा झालेला असायचा. एकदा चढले की पाच वाजेपर्यंत खाली उतरायचं नाही, म्हणून सकाळपासून पाणी प्यायचं नाही. या सभागृहात माझ्यासारख्या ज्या कोणी आहेत, त्यांना हे पाणी न पिण्याचं वेगळं सांगायला नको.

त्या दोन वर्षांत मला काहीतरी कळलं होतं, त्याला शब्द मात्र फार उशिरा मिळाले. हेडसरांचा चांगुलपणा अगदी खरा होता. पण तो त्यांचा होता, म्हणून त्यांच्याबरोबर बदलून गेला. नियम असता तर तो शाळेतच राहिला असता.

आता सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ.

या शहरानं १८६७ साली एक वटहुकूम काढला होता. रस्त्यावर भीक मागायला बंदी, आणि त्याच हुकमात काही विशिष्ट माणसांनी रस्त्यांवर आणि सार्वजनिक जागी दिसायलाही बंदी. ही विशिष्ट माणसं म्हणजे ज्यांचं शरीर बघवत नाही अशी. हात नसलेला, चेहरा विद्रूप झालेला, सरपटत चालणारा. शिकागोसारख्या शहरांनी पुढे असेच नियम केले, आणि शिकागोतला नियम रद्द व्हायला १९७४ साल उजाडलं. म्हणजे आम्ही घराबाहेर पडणं हाच एके काळी गुन्हा होता. याच विचाराचं टोक जर्मनीत गाठलं गेलं. तिथं १९३९ ते १९४१ या काळात नाझींनी सत्तर हजारांहून जास्त अपंग आणि मनोरुग्ण माणसं गॅसकोठड्यांत मारली, आणि हे काम दवाखान्यांतल्या डॉक्टरांच्या सह्यांनी झालं. सही हा शब्द लक्षात ठेवा. आज तो पुन्हापुन्हा येणार आहे.

१९७३ साली अमेरिकेच्या संसदेनं पुनर्वसनाचा एक कायदा केला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याचे आधीचे मसुदे दोनदा परत पाठवले होते. शेवटी जो मंजूर झाला त्याच्या पार तळाशी एक कलम होतं, ५०४ क्रमांकाचं. एकच वाक्य. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कुठल्याही कामातून, पात्र असलेल्या अपंग व्यक्तीला केवळ तिच्या अपंगत्वामुळे वगळता येणार नाही, लाभ नाकारता येणार नाही, भेदभाव करता येणार नाही. वर्णभेदाविरुद्ध १९६४ साली जो नागरी हक्कांचा कायदा झाला, त्यातलीच ही भाषा. मसुदा लिहिणाऱ्यांनी ती उचलून इथं घातली. फारशी चर्चाही झाली नाही. बहुतेक खासदारांच्या ते लक्षातही आलं नसावं.

पण विचार करा, त्या वाक्याच्या कक्षेत काय काय येत होतं. विद्यापीठं, दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, सगळी केंद्राच्या पैशावर. आणि ही सगळी पायऱ्यांची.

आपल्याकडे कायदा होतो आणि जीआर निघत नाही, तसंच तिथं झालं. कलमाची नियमावली काढायची जबाबदारी आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याकडे होती. नियमावली तयारही झाली. फक्त मंत्र्यांची सही व्हायची होती. विद्यापीठं आणि दवाखाने खर्चाची ओरड करत होते, त्यामुळे सही पुढे ढकलली जात राहिली. एक सरकार गेलं, कार्टर यांचं आलं. निवडणुकीत दिलेल्या आश्वासनावर लोकांनी विश्वास ठेवला होता. नवे मंत्री जोसेफ कॅलिफानो म्हणाले, मला अभ्यास करू द्या. चार वर्षं होत आली होती. अपंगांच्या राष्ट्रीय आघाडीनं कळवलं, ४ एप्रिल १९७७ पर्यंत सही करा, नाही तर आम्ही तुमच्या दारात येतो.

५ एप्रिलला दहा शहरांत त्या खात्याच्या कचेऱ्यांवर लोक गेले. वॉशिंग्टनमध्ये आत शिरलेल्यांना जेवण मिळू दिलं नाही, जेमतेम एका दिवसानंतर त्यांना निघावं लागलं. बाकीच्या शहरांतही थोड्याफार दिवसांत आटोपलं. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र शंभराहून जास्त माणसं चौथ्या मजल्यावर चढली आणि उतरलीच नाहीत.

ती का टिकली, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

एक कारण म्हणजे किटी कोन. स्नायू झिजत जाण्याचा आजार, व्हीलचेअरवर. पण ही बाई आधी युद्धविरोधी आणि नागरी हक्कांच्या चळवळींत तयार झालेली. तिला माहीत होतं की मोर्चा काढणं सोपं असतं, रात्र काढणं अवघड असतं. तिनं आधीच मजूर संघटनांशी, चर्चशी, कृष्णवर्णीयांच्या संघटनांशी बोलून ठेवलं होतं. आत गेल्यावर समित्या केल्या, जेवणाची, औषधाची, पत्रकारांशी बोलण्याची. ज्याला हात हलवता येत नाहीत त्यालाही काम होतं. ज्याचं बोलणं समजायला वेळ लागतो त्याचंही बोलणं पुरं होईपर्यंत सभा थांबायची. त्यामुळे सभा पहाटेपर्यंत चालायच्या.

दुसरी ज्युडी ह्यूमन. हिची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या ज्यू आईबापांची ही मुलगी, ब्रुकलिनमध्ये वाढली. दीड वर्षाची असताना पोलिओ. शाळेत नाव घालायला आई घेऊन गेली तर मुख्याध्यापक म्हणाले, हिची व्हीलचेअर म्हणजे आग लागली तर धोका. पुढे शिकून शिक्षिकेच्या परीक्षा पास झाली, तर न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळानं चालता येत नाही म्हणून परवाना नाकारला. १९७० साली ती कोर्टात गेली आणि शिक्षिका झाली. सॅन फ्रान्सिस्कोत बसली तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती.

आता त्या चौथ्या मजल्यावरच्या रात्री डोळ्यांपुढे आणा. बरेचजण अंगावरच्या कपड्यांनिशी आले होते. दात घासायचा ब्रश नाही. ज्याला रात्री कूस बदलून द्यायला माणूस लागतो, ज्याची लघवी नळीनं काढावी लागते, ज्याला ठरल्या वेळी औषध लागतं, अशी माणसं फरशीवर झोपली. कूस वेळेवर बदलली नाही तर पाठीला जखमा होतात आणि त्या जिवावर बेततात, हे ज्यांनी घरात केलंय त्यांना माहीत आहे. सगळ्यांचे मदतनीस बरोबर नव्हते. म्हणून ज्याला जे येत होतं ते त्यानं दुसऱ्यासाठी केलं. आंधळ्यानं खुर्ची ढकलली, खुर्चीतल्यानं वाट सांगितली. थंड ठेवायच्या औषधांसाठी कोणीतरी एअर कंडिशनरच्या तोंडावर खोकं चिकटवून फ्रीज केला. सरकारनं टेलिफोन बंद केले, तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीत उभे राहिले आणि खाली रस्त्यावर असलेल्या आपल्या माणसांशी खुणांच्या भाषेत बोलले. आतली बातमी त्या हातांनी बाहेर गेली. ज्या भाषेवर १८८० साली मिलानमध्ये भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनं बंदीचा ठराव केला होता, जिच्यासाठी शाळांमधून मुलांच्या हातांवर छड्या बसल्या, ती भाषा त्या दिवशी सगळ्यांच्या कामी आली. मला हा प्रसंग फार आवडतो.

आणि जेवण. रोजचं गरम जेवण ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे कार्यकर्ते घेऊन यायचे. ब्रॅड लोमॅक्स नावाचा त्यांचा एक साथीदार व्हीलचेअरवर होता, चक जॅक्सन हा दुसरा त्याची काळजी घ्यायचा, दोघंही आत बसलेले. आपली माणसं बसली आहेत म्हणून पक्ष जेवण आणणार होता, आणि आणणार तर सगळ्यांसाठीच, असा त्यांचा हिशेब. शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी गाद्या पाठवल्या. एका चळवळीनं दुसऱ्या चळवळीच्या घरी डबा न्यावा, ही रीत आपल्या महाराष्ट्रालाही नवी नाही, पण आपल्याकडच्या चळवळींनी अपंगांच्या घरी किती डबे नेले, याचा विचार व्हायला हवा. मी हे तक्रार म्हणून नाही, कळकळीनं सांगतेय.

१५ एप्रिलला त्याच इमारतीत दोन खासदारांनी, फिलिप बर्टन आणि जॉर्ज मिलर यांनी, सुनावणी घेतली. खात्याकडून एक अधिकारी आला होता. त्यानं सांगितलं, नियमावलीत बावीस बदल विचाराधीन आहेत. काही संस्थांना उतार बांधण्यातून सूट, अपंग मुलांसाठी वेगळ्या शाळा, असं काहीबाही. ‘वेगळं पण समान’ हे शब्द त्याच्या बोलण्यात आले. अमेरिकेत हे शब्द फार काळे आहेत. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवायला हेच शब्द वापरले गेले होते आणि १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते मोडीत काढले होते. ज्युडी ह्यूमन बोलायला लागली. तिचा आवाज थरथरत होता. समोरचा अधिकारी समजूतदारपणे मान हलवत होता. ती त्याला म्हणाली, आम्ही काय बोलतोय ते तुम्हाला समजतंय असं मला वाटत नाही, तेव्हा कृपा करून होकारार्थी मान हलवू नका.

मंडळी, ती हलणारी मान मी आयुष्यभर बघितली आहे. दाखला मागायला गेले तेव्हा, नोकरीच्या मुलाखतीत, बँकेच्या पायरीवर. तुम्हीही पाहिली असेल. तिला उत्तर देता येतं हे मला त्या बाईमुळे कळलं. त्याच सुनावणीत तो अधिकारी उठून आतल्या खोलीत निघून गेला तर खासदार बर्टननं त्या खोलीच्या दारावर लाथा मारून त्याला बाहेर बोलावलं.

मग त्यांच्यातले काहीजण वॉशिंग्टनला गेले. विमानाच्या भाड्याला पँथरांनी आणि मजूर संघटनांनी हातभार लावला. राजधानीत व्हीलचेअर चढेल अशी गाडी नव्हती. यंत्रकामगारांच्या संघटनेनं सामान वाहायचा ट्रक दिला. मागचं दार लावलं की आत मिट्ट काळोख, धरायला काही नाही, वळणावर खुर्च्या एकमेकींवर आदळायच्या. त्या ट्रकमधून ते मंत्र्यांच्या घरासमोर गेले आणि मेणबत्त्या लावून उभे राहिले. २८ एप्रिल १९७७ रोजी कॅलिफानो यांनी सही केली. बावीसपैकी एकही बदल न करता.

सॅन फ्रान्सिस्कोतली माणसं मात्र लगेच बाहेर पडली नाहीत. ३० एप्रिलला निघाली. मधल्या वेळात त्यांनी तो मजला झाडून पुसून दिला. त्यातल्या अनेकांनी नंतर सांगितलंय की निघावंसं वाटत नव्हतं. मला ते समजतं. आयुष्यात पहिल्यांदाच अशा जागी राहायला मिळालं होतं जिथं कोणाला थांबवून ठेवल्याची, कोणावर भार झाल्याची भावना नव्हती.

या सहीनं सगळं मिळालं असं नाही. ५०४ फक्त सरकारी पैशापुरतं होतं. हॉटेल, दुकान, खासगी कंपनी, ही सगळी बाहेरच. त्यासाठी वेगळा कायदा व्हायला आणखी तेरा वर्षं लागली. तो मोठा कायदा संसदेत अडला होता तेव्हा, १२ मार्च १९९० रोजी, साठेक माणसांनी वॉशिंग्टनच्या संसदभवनासमोर खुर्च्या आणि कुबड्या खाली टाकल्या आणि त्या उंच दगडी पायऱ्या हातांनी, कोपरांनी, पाठीवर सरकत चढायला सुरुवात केली. त्यात जेनिफर कीलन नावाची आठ वर्षांची मुलगी होती. त्याच वर्षी २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केली. मी त्या चढणीचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं वय चाळिशीला आलेलं. बघता बघता माझे तळवे दुखायला लागले. ते कसं चढायचं ते मला माहीत होतं. माझ्या जिन्यावर कॅमेरे नव्हते एवढंच.

इंग्लंडचं थोडक्यात सांगते. तिथं पॉल हंट या अपंगांच्या निवासी संस्थेत राहिलेल्या माणसानं १९७२ साली ‘गार्डियन’ला एक पत्र लिहिलं, त्यातून एक संघटना उभी राहिली. तिच्यात दक्षिण आफ्रिकेतून वर्णभेदाविरुद्ध तुरुंग भोगून आलेले विक फिंकेलस्टाइन होते. या लोकांनी १९७६ साली लिहून ठेवलं की आमचे पाय अधू आहेत, पण आम्हाला अपंग करतो तो समाज. ऐकायला साधं वाटतं. पण डॉक्टर, नातेवाईक, देव, पूर्वजन्म, सगळ्यांनी दोष तुमच्या शरीरात शोधून झाल्यावर कोणीतरी जिन्याकडे बोट दाखवतो, तेव्हा काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

१९८० साली कॅनडातल्या विनिपेगला पुनर्वसन क्षेत्रातल्या तज्ज्ञांची जागतिक परिषद भरली. अपंग प्रतिनिधींनी मागणी केली की निर्णय घेणाऱ्या मंडळात निम्म्या जागा अपंगांना द्या. मागणी फेटाळली गेली. ते उठले आणि पुढच्याच वर्षी सिंगापूरला त्यांनी स्वतःची जागतिक संघटना काढली. ‘आमच्याविना आमच्याबद्दल काहीही नको’ ही घोषणा पुढे सगळीकडे गेली आणि तिचंच फळ म्हणजे १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार. ३० मार्च २००७ ला तो सह्यांसाठी खुला झाला. पहिल्याच दिवशी ८२ सह्या झाल्या, त्यात भारताची होती.

आपल्याकडे काय झालं? आपल्याकडे जावेद अबिदी होते. अलिगढचे, लहानपणापासून पाठीच्या कण्याचा विकार, अमेरिकेत पत्रकारिता शिकून परत आलेले. १९९३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत गट काढला. कायद्याचं विधेयक रेंगाळलं होतं, निवडणुका तोंडावर होत्या. १९ डिसेंबर १९९५ ला ते संसदेबाहेर धरण्याला बसले. विधेयक त्याच अधिवेशनात संमत झालं. स्वतंत्र भारतात आम्हाला हक्क देणारा हा पहिला कायदा, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी. त्यानंतर जनगणनेत अपंगांची मोजणी व्हावी म्हणून भांडण. कारण मोजलंच नाही तर पैसे कशाच्या आधारावर मागणार? २००१ साली मोजलं, आकडा आला २ कोटी १९ लाख. २०११ ला २ कोटी ६८ लाख, त्यातले सुमारे ३० लाख आपल्या महाराष्ट्रात. अबिदी २०१८ साली गेले. ह्यूमन २०२३ साली.

२०१६ साली नवा कायदा आला. सातऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वं, सरकारी नोकरीत तीनऐवजी चार टक्के जागा. चांगला कायदा आहे, मी त्याची पारायणं केली आहेत. पण इमारती, रस्ते, गाड्या सुगम असाव्यात याचे जे निकष नियमांत आले, ते पाळणं सक्तीचं आहे की नुसतं सुचवलंय, यातच घोळ राहिला. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ पासून सर्वोच्च न्यायालयात हा विषय धरून ठेवला होता. ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचा नियम नुसता शिफारशीसारखा ठेवणं हे मूळ कायद्याच्याच विरुद्ध आहे, सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा. वाचताना मला तो चौथा मजला आठवला. तिथंही कायदा होता, नियम नव्हता. इथं नियम होता, सक्ती नव्हती.

मघाशी एक ताई दारात मला विचारत होत्या की अपंग म्हणायचं की दिव्यांग. सरकारी कागदावर दिव्यांग आहे, तुम्हाला आवडत असेल तर जरूर म्हणा. मला स्वतःला अपंग म्हटलेलं चालतं. जिन्याला उतार नसेल तर दोन्ही शब्द खालीच थांबतात.

शेवटी आमच्या शाळेचं सांगते. मतदान तिथंच असतं, त्यामुळे दर निवडणुकीला जाणं होतं. तळमजल्याला आता सिमेंटचा उतार केलाय. माडीवरचे वर्ग माडीवरच आहेत. आठवी अजून वरच बसते. पायऱ्यांना नवी फरशी बसवली आहे, गुळगुळीत, हात सरकतील अशी. यंदा सातवीत एक मुलगी आहे, व्हीलचेअरवर. तिची आई मला भेटली आणि म्हणाली, आताचे हेडसर फार चांगले आहेत, बघू म्हणालेत.

मी तिला सांगितलं, हेडसर चांगले आहेत तर फारच छान, पण आपण अर्ज देऊ. आम्ही दोघींनी बसून तो लिहिला. २०१६ च्या कायद्याचं सोळावं कलम घातलं, शाळेची इमारत सुगम ठेवायची जबाबदारी शाळेवर टाकणारं. मागच्या आठवड्यात दोघी जाऊन देऊन आलो. हेडसरांनी चहा पाजला, म्हणाले, बाई, अर्ज कशाला, मी आहे ना. मी म्हटलं, सर, तुम्ही आहात म्हणूनच आत्ता देतोय. क्लार्कनं आवक नोंदवहीत नंबर घातला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. ती प्रत मुलीच्या आईकडे आहे. झेरॉक्स माझ्या पर्समध्ये आहे. जून यायला अजून चार महिने आहेत.